अंगमेहनतीचं हसू

दुपारी तीनला पहिली शिफ्ट सुटते. त्या वेळी बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एमआयडीसीच्या हद्दीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर जरा उभं राहावं. डबे, हेल्मेटं, पिशव्या सांभाळत माणसं बाहेर पडत असतात. कोणी ओडिया बोलतो, कोणी भोजपुरी, कोणी बंगाली, कोणी वाडवळी, कोणी मांगेली. आणि सगळ्यांची मिळून एक बोईसरी हिंदी. अशाच एका दुपारी एक पंचविशीचा हेल्पर बाकावर चहाचा ग्लास ठेवून उठला. त्यानं पोट पुढं काढलं, हात पाठीमागं बांधले, मान जराशी तिरकी केली आणि चार पावलं चालला. थांबून समोर नसलेल्या मशीनकडे पाहिलं, मग मशीनवर नसलेल्या माणसाकडे, मग मनगटावर नसलेल्या घड्याळाकडे. तोंडातून चकार शब्द नाही. टपरीवरच्या पंधरा-वीस जणांचा चहा हिंदकळला. तो सुपरवायझर मी जन्मात पाहिलेला नव्हता, तरी मीही हसलो, कारण त्या चार पावलांत तो सबंध कळला होता. त्याचा दरारा कळला, आणि वरच्या साहेबाची त्याला वाटणारी धास्तीसुद्धा.

माझ्याबरोबर पालघरचे एक निवृत्त मराठीचे शिक्षक होते. तेही खळखळून हसले. मग रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "माकडचेष्टा, दुसरं काय!"

सरांबद्दल मला आदर आहे, पण त्या एका शब्दाशी माझं भांडण आहे आणि ते जुनं आहे. शरीरानं केलेल्या विनोदाला मराठीत कोणते शब्द आहेत ते आठवून पाहा. माकडचेष्टा, अंगविक्षेप, चाळे, आचरटपणा, पांचटपणा. शब्दांनी केलेल्या विनोदाला मात्र आपण मार्मिक म्हणतो, मिश्कील म्हणतो, नर्म, खुसखुशीत म्हणतो. तोंडानं हसवणारा बुद्धिमान आणि अंगानं हसवणारा वाह्यात, असा निवाडा भाषेनंच देऊन ठेवला आहे. हाच निवाडा कामाच्या बाबतीतही आहे. डोक्यानं काम करणारा साहेब, अंगमेहनत करणारा हेल्पर. माझं म्हणणं असं की हे दोन निवाडे एकाच घरातले आहेत. ज्या समाजानं अंगमेहनतीला मान दिला नाही, त्यानं अंगानं हसवणाऱ्यालाही मान दिला नाही. मूकपटातल्या विनोदी नटाची आपल्याकडे जी वासलात लागली, तिचं एक मोठं कारण मला इथं दिसतं.

खरं तर आपली सुरुवात झकास झाली होती. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्या खेळाच्या जाहिरातीत आणखी काय काय होतं, ते मात्र कोणी सांगत नाही. एका बाईंचं नृत्य होतं, पायांनी कसरत करणारा एक जण होता, एक विनोदी नकलांची जोडी होती आणि शेवटी 'टिप-टॉप कॉमिक्स' होते. म्हणजे सत्यवचनी हरिश्चंद्र आपल्या पडद्यावर आला तो विदूषकांच्या घोळक्यातून. पुढच्याच वर्षी, ३ जानेवारी १९१४ला, फाळक्यांनी त्याच थिएटरात 'मोहिनी भस्मासुर' लावला आणि त्याच्या जोडीला 'पिठाचे पंजे' नावाचा छोटा विनोदी चित्रपट दाखवला. आता जगाच्या इतिहासातली एक तारीख शेजारी ठेवू. टोपी, काठी, ढगळ विजार आणि मिशीचा चौकोन घेऊन चार्ली चॅप्लिनचा भटक्या पहिल्यांदा प्रेक्षकांपुढे आला तो ७ फेब्रुवारी १९१४ रोजी. मराठी माणसाचा विनोदी मूकपट त्याच्या महिनाभर आधी गिरगावात लागला होता! यावरून 'आम्ही आधी' असा टेंभा मिरवण्यात अर्थ नाही. फ्रान्समध्ये लुमिएर बंधूंनी बागेतल्या पाण्याच्या नळीवरची गंमत १८९५ सालीच पडद्यावर आणली होती. मला एवढंच दाखवायचं आहे की हा विनोद आपल्याकडे परक्याच्या घरून उसना आलेला नाही. फाळक्यांना तो पहिल्या वर्षीच सुचला.

फाळक्यांचा मुक्काम तेव्हा नाशिकला होता. तिथून जवळच, सिन्नरात, एक सात वर्षांचा मुलगा वाढत होता. त्याचं नाव मनोहर जनार्दन दीक्षित.

हे नाव किती वाचकांना माहीत असेल? मी ओळखीच्या बऱ्याच सिनेमावेड्यांना विचारलं. काहींना माधुरीपलीकडे दीक्षित आठवेना. १९०६ साली जन्मलेला हा मुलगा मुंबईत आला आणि मूकपटाच्या अखेरच्या दिवसांत पडद्यावर दिसला. अंगानं अगडबंब. पुढं तो चंदुलाल शहा आणि गोहर यांच्या रणजित कंपनीत गेला. तिथं नझीर मोहम्मद घोरी नावाच्या नटाशी त्याची जोडी जुळली आणि १९३२च्या 'चार चक्रम'पासून ती गाजू लागली. जयंत देसाई दिग्दर्शक, त्यानंतर 'भूल भुलैयाँ', 'तूफान मेल' असे एकामागून एक चित्रपट. लोक त्यांना हिंदुस्थानचे लॉरेल-हार्डी म्हणत. लॉरेल आणि हार्डी यांना आपल्या लोकांनी 'जाड्या-रड्या' असं नाव ठेवलं होतं. काय नाव आहे! परदेशी नटांचं इतकं घरचं बारसं दुसऱ्या कुठल्या भाषेनं क्वचितच घातलं असेल. पण गंमत अशी की परदेशी जाड्या-रड्या आपल्या बोलण्यात टिकले आणि सिन्नरचा खराखुरा जाड्या मात्र विस्मरणात गेला.

फाळणीनं ती जोडी फोडली. घोरी पाकिस्तानात गेले आणि पुढं कराचीत वारले. दीक्षित इकडे राहिले आणि १९४९ साली गेले. वय त्रेचाळीसही पुरं झालं नव्हतं. विनोदी जोडीतला एक गेला की दुसरा अर्धा राहत नाही, पुरताच संपतो. सरळ चेहऱ्याच्या माणसाशिवाय वेडा माणूस वेडा दिसतच नाही. देशाच्या फाळणीच्या हिशेबात किती काय मांडलं गेलं. एका जाड्याचा आणि त्याच्या जोडीदाराचा फुटलेला विनोद त्या हिशेबात कोणी धरला नाही. माझ्या मते धरायला हवा होता.

इथं सर मला अडवतील. म्हणतील, दीक्षितला लोक विसरले यात भाषेचा काय दोष? फिल्मच उरली नाही, तर आठवणार काय? मुद्दा वजनदार आहे. हिंदुस्थानात सुमारे तेराशे मूकपट बनले. त्यांतले पूर्ण किंवा तुकड्या-तुकड्यांनी आज उरलेत ते तीसाहूनही कमी. त्या काळची फिल्म नायट्रेटची. तारापूरच्या केमिकल कंपनीत काम केलेल्या कुणालाही ती काय चीज आहे ते समजावून सांगावं लागणार नाही. ती स्वतःचा प्राणवायू स्वतःजवळ बाळगते, म्हणून एकदा पेटली की पाण्याखालीही जळते. दमट हवेत ठेवली तर आधी चिकट होते, मग तिची भुकटी होते. जी जळली नाही आणि कुजली नाही, ती पुष्कळदा चांदीसाठी विकली गेली, कारण फिल्मच्या थरात चांदी असते आणि भंगारवाल्याला चित्रापेक्षा चांदीचा भाव कळतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ची. तोवर मूकपट बंद होऊन तीस वर्षं होत आली होती. आणि जे महत्प्रयासानं गोळा केलं, त्यातलंही नायट्रेटचं बरंच काही ८ जानेवारी २००३च्या आगीत गेलं.

म्हणजे नाश होताना पंक्तिप्रपंच झाला नाही. हरिश्चंद्राचं बरंचसं गेलं, तसे पिठाचे पंजेही. मान्य. पण फिल्म गेल्यावर माणसाचं काय उरतं, ते आगीच्या हातात नसतं, लिहिणाऱ्यांच्या हातात असतं. बाबूराव पेंटरांवर आपण लिहिलं, त्यांच्या 'सावकारी पाश'ला वास्तववादाचा मान दिला, आणि ते योग्यच केलं. हसवणाऱ्यावर कोणी लिहिलं नाही. लिहायचं तरी काय, असं वाटलं असणार. विनोदी लेखकाचं वाक्य उतरवून घेता येतं, त्याची कोटी चार लोकांत पुन्हा सांगता येते. पडलेल्या माणसाचं पडणं कसं उतरवणार? त्यासाठी त्या पडण्याकडे नीट पाहावं लागतं, कुठलं पाऊल आधी सटकलं, हात कधी उडाले, चेहऱ्यावर कळ यायला किती क्षण लागले, ते टिपावं लागतं. नाटकातल्या गायकाची एकेक तान आपल्या रसिकांनी अशी टिपली. पडणाऱ्याच्या नशिबी तसा रसिक आला नाही.

आणि मग पडदा बोलू लागला. १४ मार्च १९३१ला 'आलम आरा', पुढच्या वर्षी फेब्रुवारीत प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. मराठी विनोदाला तर घबाडच मिळालं. कोल्हटकर-गडकऱ्यांनी तयार करून ठेवलेली शब्दांची आतषबाजी आता पडद्यावर उडवता येणार होती. अत्रे आले, मास्टर विनायकांनी 'ब्रह्मचारी' काढला, चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ 'सरकारी पाहुणे'त दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांच्या रूपानं अवतरले. हे सगळं मला मनापासून आवडतं. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. दामुअण्णांच्या त्या तिरळ्या डोळ्यांत जी करामत होती, तिला आपण 'दैवानं दिलेली देणगी' म्हणून मोकळे झालो आणि कौतुक संवादांचं केलं. पुढं दादा कोंडक्यांच्या बाबतीत तेच. त्यांच्या द्व्यर्थी शब्दांवर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. लोंबणाऱ्या नाडीची ती चड्डी, खाली घसरणारे खांदे, मार खाण्याआधीच मार लागल्यासारखं होणारं अंग, यावर कोणी चार ओळी नीट लिहिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. चॅप्लिनची ढगळ विजार म्हणजे कला आणि दादांची चड्डी म्हणजे थिल्लरपणा!

एक उपकथा इथं सांगायलाच हवी. आपल्या मूकपटातली खोडकर अभिनयाची जी थोडी दौलत आज डोळ्यांनी पाहता येते, तिची मालकीण एक सात वर्षांची मुलगी आहे. फाळक्यांनी १९१९मध्ये 'कालिया मर्दन' केला आणि कृष्णाच्या भूमिकेत आपल्या मुलीला, मंदाकिनीला, घेतलं. तो चित्रपट बराचसा शाबूत आहे. गोष्ट सुरू होण्याआधी फाळके नुसता तिचा चेहरा दाखवतात. एकामागून एक भाव येतात आणि जातात. मग पाहता पाहता ती मुलगी कृष्ण होते. पुढच्या खोड्यांमध्ये ही पोर जी काय मजा करते, ती पाहून मला दर वेळी वाटतं की 'पिठाचे पंजे' हाती लागला असता तर आपल्या विनोदाचा इतिहास वेगळ्या पानापासून सुरू झाला असता. तो चेहरा दाखवण्याचा भाग प्रेक्षकांनी का पाहावा, असा प्रश्न फाळक्यांना पडला नाही, हे विशेष. चेहरा कसा काम करतो, ते काम बघण्यासारखं असतं, एवढं त्यांना पुरेसं वाटलं. सुताराचा रंधा चालताना बघावा, तसं.

'काम' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपण नाटकातही म्हणतो ना, 'त्यानं फार चांगलं काम केलं'! मूकपटाच्या विनोदवीराइतका हा शब्द कुणालाच शब्दशः लागू पडत नाही. बस्टर कीटनचंच पाहा. १८९५चा जन्म, आईबाप फिरत्या तमाशासारख्या खेळातले नट. पोराला रंगमंचाच्या या टोकाकडून त्या टोकाला फेकायचं, हा त्यांचा हुकमी खेळ. फेकताना पकड मिळावी म्हणून त्याच्या कपड्यांना पाठीवर बॅगेची मूठ शिवलेली असायची. पडल्यावर आपण हसलो तर लोक कमी हसतात, हे त्या पोराच्या लहानपणीच लक्षात आलं. तेव्हापासून त्याचा चेहरा जो दगडी झाला तो आयुष्यभर. १९२४च्या 'शेरलॉक ज्युनियर'मध्ये रेल्वेच्या टाकीतलं पाणी अंगावर कोसळून त्याच्या मानेचं हाड मोडलं. कळलं केव्हा? काही वर्षांनी, एक्स-रे काढला तेव्हा. दरम्यान तो कामावर जात होता. १९२८च्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये घराची आख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर पडते आणि तो नेमका खिडकीच्या चौकटीत उभा असल्यामुळे वाचतो. भिंत खरी जड होती. चौकट आणि अंग यांत मोकळी जागा काही इंचांची. त्याच वर्षी तो एका मोठ्या कंपनीत पगारावर गेला. तिथं काय करायचं ते वरून ठरू लागलं आणि बघता बघता माणूस दारूत बुडाला. वर्कशॉपचा मालक असलेला कारागीर असेंब्ली लाइनवर गेला की काय होतं, ते समजायला बोईसरच्या माणसाला हॉलीवूडचा इतिहास वाचायची गरज नाही. चिंचणी-तारापूरकडच्या गावांत सोन्याच्या दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत. हातातली छिन्नी आणि वरून आलेलं ड्रॉइंग यांतला फरक त्यांना विचारावा.

आणि हॅरल्ड लॉइड. १९२३च्या 'सेफ्टी लास्ट'मधलं त्याचं ते चित्र सगळ्यांनी कुठंतरी पाहिलेलं असतं: उंच इमारतीवर, घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा चष्मेवाला माणूस. त्या काट्याला धरलेल्या उजव्या हाताला अंगठा आणि तर्जनी नव्हती. १९१९ साली फोटो काढताना खोटा समजून हातात धरलेला बॉम्ब खरा निघाला आणि दोन बोटं गेली. पुढच्या सगळ्या चित्रपटांत तो कातडीच्या रंगाचा हातमोजा घालून, आत खोटी बोटं बसवून काम करत राहिला. प्रेक्षकांना कळू द्यायचं नव्हतं, कारण कळलं तर ते हसणार नाहीत, हळहळतील. पावर प्रेसवर बोटं गेलेला माणूस औद्योगिक वसाहतीत कुठंही भेटू शकतो. तोही हात खिशात ठेवतो, कारण नव्या कंपनीत कळलं तर ठेकेदार कामावर घेणार नाही. लॉइड कोट्यधीश होता आणि हा दिवसाच्या हजेरीवर, हा फरक मी विसरलेलो नाही. पण इजा लपवून कामावर जाणं काय असतं, ते त्या दोघांना सारखंच ठाऊक आहे.

आता दुसऱ्या बाजूचं. या विनोदाला मी डोक्यावर घेतो आहे, पण त्याच्यात क्रौर्य होतंच. दीक्षितला लोक हसले ते त्याच्या अंगापुढं इतरांची अंगं फुटकळ दिसत म्हणूनही. जाड माणसाचं जाड असणं हाच विनोद, ही सोपी वाट त्या काळच्या चित्रपटांनी भरपूर तुडवली आणि आपल्या मालिका अजून तुडवताहेत. अमेरिकेत फॅटी आर्बकल नावाचा असाच अवाढव्य नट होता. कीटनला सिनेमात आणलं ते त्यानं. १९२१ साली त्याच्यावर एका नटीच्या मृत्यूचा आळ आला. तीन वेळा खटला चालला, १९२२ साली तो निर्दोष सुटला, तरी कारकीर्द संपलीच. ज्या देहाला लोक कालपर्यंत हसत होते, तोच देह त्यांना एका रात्रीत राक्षसी वाटू लागला. हसण्यातून घृणेकडे जायला इतका कमी वेळ लागत असेल, तर त्या हसण्यात काहीतरी आधीच नासकं होतं. हे मी कबूल करतो. तरीही आर्बकलचे चित्रपट लावून पाहावेत. तो जाड असल्यामुळे हसू येत नाही. एवढा जाड माणूस पिसासारखा वळतो, उडी मारतो, तवा हवेत भिरकावून पाठीमागं झेलतो, त्याचं हसू येतं. वजनाची चेष्टा आणि वजनावरची हुकमत, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. निराळ्या आहेत हे कळायला मात्र आधी नीट पाहायची सवय लागते, म्हणजे पुन्हा आपण तिथंच आलो.

ती सवय आपल्या पालघर जिल्ह्याला नवी नाही. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. संबळ आणि पिपाणी वाजत असते, मशालीच्या उजेडात एकेक सोंग येतं, मुखवट्यामागून माणूस बोलत नाही, नाचतो. गणपती कसा पाय टाकतो, रावणाचे खांदे कसे झुलतात, हे रात्रभर बसलेल्या म्हाताऱ्या बायांना ठाऊक असतं. एखाद्यानं चुकीचा पाय टाकला तर त्या लगेच सांगतात. बोहाडा हा भक्तीचा भाग आहे. त्याला विनोदी खेळ म्हणणं चूक होईल, आणि आदिवासींच्या प्रत्येक गोष्टीत आधुनिक कला शोधणाऱ्या शहरी उत्साहाची मला भीतीच वाटते. पण न बोलणारं अंग वाचणारा प्रेक्षक इथं पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे, एवढं तरी त्यावरून म्हणता येतं. टपरीवरचा तो हेल्पर इथला नव्हता, दूरवरून पोटासाठी आलेला होता. त्याच्या गावाकडेही कुठलं ना कुठलं सोंग निघत असणारच.

इथपर्यंत आलं की चॅप्लिनला टाळता येत नाही. २२ सप्टेंबर १९३१ला लंडनच्या पूर्व भागात, कामगारवस्तीत, तो गांधीजींना भेटला. गोलमेज परिषदेचे दिवस होते. गांधीजींनी त्याचा एकही चित्रपट पाहिलेला नव्हता. चॅप्लिननं विचारलं ते यंत्रांबद्दल: यंत्र माणसाचे कष्ट वाचवतं, मग तुमचा त्याला विरोध का? गांधीजींनी आपल्या परीनं उत्तर दिलं. साडेचार वर्षांनी, फेब्रुवारी १९३६मध्ये, 'मॉडर्न टाइम्स' आला. त्या एका भेटीतून तो चित्रपट निघाला, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. डेट्रॉइटच्या कारखान्यांत पट्ट्यावर काम करून वेड लागलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांबद्दलही त्यानं ऐकलं होतं. पण प्रश्न तोच होता. जग बोलपटाला लागून आठ-नऊ वर्षं झाली होती आणि हा गडी अजून आपल्या भटक्याला बोलू देत नव्हता. शेवटी एकदा त्याला तोंड उघडायला लावलं, तेही गाण्यासाठी, आणि गाण्याचे शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत! ऐन वेळी शब्द विसरल्यामुळे तो काहीही बरळतो, हातवारे करतो, आणि गाणं अथपासून इतिपर्यंत समजतं. सरांच्या 'माकडचेष्टे'ला इतकं सणसणीत उत्तर मला दुसरं सापडलेलं नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी गणपतीत, बोईसरच्या एका चाळीत, आम्ही तो चित्रपट दाखवला. मंडळाच्या पोरांनी प्रोजेक्टर आणला होता, पडदा म्हणजे दोन चादरी जोडलेल्या. समोर दीडेकशे माणसं, निम्मी तरी ठेक्यावरची. इंग्रजी पाट्या वाचून दाखवायला मी माईक घेऊन उभा होतो. जुन्या काळी थिएटरात पाट्या मोठ्यानं वाचणारा माणूस असे, त्याची आठवण म्हणून मला जरा मिरवायचंही होतं. दहा मिनिटांत लक्षात आलं की माझं तिथं काही काम नाही. साहेब केबिनमध्ये बसून चित्राचे तुकडे जुळवतोय आणि मधूनच पडद्यावरून पट्ट्याचा वेग वाढवायला सांगतोय, हे दिसल्याबरोबर मागून कोणीतरी एका खऱ्या साहेबाचं नाव घेतलं आणि हशा पिकला. भटक्या बिडी ओढायला संडासात जातो आणि तिथल्याही भिंतीवर साहेब उगवतो, तेव्हा एक जण ओरडला, "सीसीटीव्ही!" जेवण भरवणारं यंत्र बिघडून त्याच्या तोंडात नट कोंबू लागलं तेव्हा बाया पोट धरून हसत होत्या. मग नट आवळून आवळून त्याचे हात थांबेनात. पट्टा थांबला तरी हात चालूच, खांदे उडतच राहिले. इथं मागच्या रांगांमधलं हसू विरळ झालं. पुढं बसलेली पोरं हसत होती, मागचे कामगार नव्हते. माझ्या शेजारी लुंगीतला एक चाळिशीचा माणूस बसला होता. त्यानं पडद्यावरची नजर न काढता मला विचारलं, "ये ठेके पे है कि परमनंट?"

मला उत्तर सुचलं नाही. नव्वद वर्षांत 'मॉडर्न टाइम्स'वर ढीगभर लिहून आलं आहे, त्यातलं थोडंफार मी वाचलं आहे. हा प्रश्न त्यात कुठं पाहिल्याचं आठवत नाही. खरं म्हणजे सगळं त्या प्रश्नावरच अवलंबून आहे. वेड लागल्यावर भटक्याला दवाखान्यात नेतात, खर्च कोणाचा? बरा होऊन येतो तर नोकरी नाही; नोटीस दिली होती का? विनोद म्हणून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही आणि विचारवंताला 'यंत्रयुगातला मानव' दिसतो. या माणसाला हजेरीपट दिसत होता.

सर त्या रात्री आले होते. शेवटच्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, चष्मा पुसत बसले होते. चित्रपटाबद्दल आम्ही काही बोललो नाही. साडेदहा वाजत आले होते, रात्रपाळीची माणसं आधीच उठू लागली होती. आम्ही शेअर रिक्षासाठी नाक्यापर्यंत चालत गेलो, तेव्हा पुढं तिघं-चौघं कामगार गमबूट घालून कंपनीकडे निघाले होते. त्यातल्या एकानं अचानक पाय बाहेरच्या बाजूला फाकवले, खांद्यावरची छत्री काढून काठीसारखी फिरवली आणि डुलत डुलत चालू लागला. बाकीचे त्याच्यामागं तसेच. अशी ती वरात गेटपर्यंत गेली. केबिनमधून वॉचमन बाहेर आला, त्यानं पहिल्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हात पुढं करून गेटपास मागितला.